बाबा रात्रीपासून बरळतायत: मनोविकार समजण्याआधी काय तपासायचं

'ठाण्याला पाठवा' हा टोमणा ठाणेकरांना नवा नाही. १९०१ पासून इथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याची ही मेहेरबानी. पण कालपर्यंत पेपर वाचणारा सत्तरीचा माणूस आज पहाटे भिंतीवर मुंग्या दाखवायला लागला, तर पहिली धाव तिकडे नको. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा आणि थेट कॅज्युअल्टीत जा. आधी कधीही मनाचा त्रास नव्हता, वय पन्नाशीपुढे आहे आणि बदल तासाभरात किंवा दोन-चार दिवसांत झालाय, या तीन गोष्टी जुळल्या की शरीरातच काहीतरी बिघडलंय असं धरून चालायचं.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, जुनी माणसं 'वातात बडबडतोय' म्हणायची. त्याची मुख्य खूण बडबड नव्हे, लक्ष न टिकणं. घरी ताडून बघायला सोपं आहे. "बाबा, रविवारपासून उलटे वार सांगा बरं." रविवार, शनिवार, शुक्रवार इथवर येतात, मग गाडी घसरते: "शुक्रवार, शनिवार..." किंवा मध्येच पंख्याकडे बघत गप्प होतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस सकाळी काय खाल्लं ते विसरतो, पण उलटे वार बहुतेकदा म्हणून दाखवतो. दुसरी खूण चढउताराची. सकाळी अगदी शहाण्यासारखं बोलणं, तिन्हीसांजेला बिथरणं. नसलेल्या गोष्टी दिसणं, म्हणजे चादरीवर किडे, दारात उभं असलेलं माणूस, हेही शरीराकडेच बोट दाखवतं. नुसते आवाज ऐकू येणं मनोविकारात जास्त आढळतं, पण एवढ्यावर निकाल देऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो शांत प्रकार. रुग्ण आरडाओरडा करत नाही, पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली की उशिरा 'हं' म्हणतो. घरचे म्हणतात, दमलेत, झोपू द्या. यातच दोन दिवस जातात.

निघण्याआधी पाच मिनिटं घरी द्या. ग्लुकोमीटर असेल तर आधी साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस जागा असून नीट गिळतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने उतरलेली साखर वर आल्यासारखी वाटून काही तासांनी परत घसरते, त्यामुळे बरं वाटलं तरी हॉस्पिटल टाळायचं नाही. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडं बोलणं, फिट किंवा तापासोबत मान ताठ, यातलं काहीही दिसलं तर मोजमापात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हा टेलिमानस क्रमांक चांगला आहे, पण तो या प्रसंगासाठी नाही.

मग औषधांची पिशवी. चिठ्ठ्या नकोत, पिशवीच उचला. प्रत्येक पट्टीवर किती गोळ्या उरल्यात ते मोजलं की कुठली दुप्पट घेतली गेली आणि कुठली आठवडाभर राहिली ते कळतं. सर्दी-खाजेवरची झोप आणणारी गोळी, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली गोळी, झोपेची गोळी, ट्रामाडॉल ही जोरदार वेदनाशामक गोळी, स्टेरॉइड हे नेहमीचे संशयित. गेल्या पंधरवड्यात सुरू झालेलं किंवा एकदम बंद केलेलं औषध वेगळं काढून दाखवा.

आपल्याकडे वारंवार आढळणारं कारण म्हणजे रक्तातलं सोडियम घटणं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात मीठ तोडलेलं, वर जुलाब-उलट्या किंवा एप्रिल-मेचा घाम. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं, १२५ च्या खाली गेलं की गोंधळ वाढतो आणि फिटही येऊ शकते. यावर घरी मिठाचं पाणी पाजू नका. जुनी घट २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त भरून काढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून वॉर्डात दर काही तासांनी रक्त घेतात. 'एक सलाईन लावून लगेच सोडा' असा हट्ट धरू नका.

लघवीतला जंतुसंसर्ग म्हाताऱ्यांना तापाशिवायही होतो. तुंबलेली लघवी आणि चार दिवसांची बद्धकोष्ठताही माणसाला भ्रमिष्ट करते, पण पोट दाबून बघायचं कुणाला सुचत नाही.

पडल्याचं आवर्जून सांगा, अगदी तीन आठवड्यांपूर्वी मोरीत घसरले असतील तरी. कवटीखाली रक्त हळूहळू साचतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते बहुधा दिसतं. रात्रीची वेळ असेल तर त्या हॉस्पिटलात सीटी आत्ता चालू आहे का ते निघण्यापूर्वी फोनवर विचारा.

दारूचं लपवू नका. रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी दाखल झाला आणि दारू तुटली, की पहिल्या दिवशी हात थरथरतात आणि दोन ते चार दिवसांत खरा भ्रम सुरू होतो. हे जिवावर बेतू शकतं. अशांना ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं, आणि घरच्यांनी खरं सांगितलं तरच ते वेळेत मिळतं.

कॅज्युअल्टीत 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणू नका, त्या वाक्याने तपासणीची दिशाच बदलते. 'काल संध्याकाळी सातपर्यंत ठीक होते, पहाटे तीनपासून ओळखत नाहीत' असं वेळेसकट सांगा.

महिनोन्महिने हळूहळू बदललेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ या दोन तपासण्या आधी. शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी घेणारे, तळपायांना मुंग्या येणारे असतील तर हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी-१२ बघाच. काटकसरी माणूस उधळायला लागला, सभ्य माणूस चारचौघांत अचकट बोलायला लागला, तर मेंदूच्या पुढच्या भागाचा एमआरआय लागतो. बाइकवरून डोक्यावर पडलेल्या तरुणाचा चिडकेपणाही 'स्वभाव बिघडला' म्हणून सोडून देऊ नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

दाखल केल्यावर चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन त्याच दिवशी पोचवा. या तिन्हींशिवाय शहाणा माणूसही गोंधळेल. समोर घड्याळ, रात्री मंद दिवा, उशाशी ओळखीचं एकच माणूस. दहा भेटणारे नकोत. हात बांधू देऊ नका, बांधल्याने झटापट वाढते. लघवीची नळी अजून हवीच आहे का, हे रोज विचारा. रात्री शांत करायचं इंजेक्शन देणार असतील तर पार्किन्सनचा आजार असल्याचं आधी सांगा, काही औषधं त्यात घातक ठरतात. मूळ आजार बरा झाला तरी भ्रम कधी कधी काही आठवडे रेंगाळतो, आणि तेवढ्यात डिस्चार्ज मिळतो. त्या कागदावर वॉर्डात सुरू केलेली झोपेची किंवा शांत ठेवणारी गोळी असेल, तर ती कुठल्या तारखेला थांबवायची हे डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या.