शेळ्या पाळायच्या की फिरवायच्या? दोन्ही करताना या चुका टाळा

"शेळ्यांचा धंदा करतो" म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एकाच्या गोठ्यात शेळ्या वितात. दुसरा या बाजारात घेतो नि त्या बाजारात विकतो. पाळणाऱ्याला पाच महिने गाभणपणाचे आणि पुढं करडू वाढायचे सात-आठ महिने थांबावं लागतं. व्यापाऱ्याचा पैसा आठवड्यात फिरतो. दोन्ही धंदे चांगले, पण एका गोठ्यात आणि एका खिशात नांदत नाहीत. मी नांदवायला गेलो होतो.

घरी बारा उस्मानाबादी शेळ्या होत्या. जोडीला म्हणून आठ बोकड बाजारातून उचलले. सहा विकले, दोन उरले. दुपारनंतर गिऱ्हाईक पांगलं, पिकअपवाला हॉर्न वाजवायला लागला, म्हणून दोघांना परत आणून गोठ्यातच बांधलं. पाचव्या दिवशी एकाचं नाक गळायला लागलं, डोळ्यांत चिपडं, तोंडात फोड, मग पातळ हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. घरची सात करडं गेली. लस द्यायची राहिली होती, हा दोष माझाच.

तेव्हा पहिली गोष्ट: बाजारातून आलेलं किंवा परत आलेलं जनावर निदान 21 दिवस वेगळं. दावण वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं, आणि चारापाणी घरच्या शेळ्यांचं उरकल्यावर. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की द्यायची. बाजारातून आणल्या दिवशी लस टोचून लगेच कळपात सोडणं फुकट. अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोनेक आठवडे जातात.

दुसरी चूक म्हणजे पैदाशीच्या शेळ्या बाजारातून घेणं. चांगली जुळी देणारी, दुधाची शेळी कोण कशाला बाजार दाखवेल? येतात त्या बहुतेक गाभडणाऱ्या (गाभ टाकणाऱ्या), सड गेलेल्या, नाहीतर अडचणीत विकलेल्या. पैदाशीची शेळी पाळणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन, तिची करडं बघून घ्या. आधी दात बघा, मग कास.

दारात आलेल्या हेड्याला, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याला, नजरेच्या अंदाजानं बोकड देऊ नका. त्याची नजर रोज शंभर जनावरांवर फिरते, आपली वर्षातून चार. काटा ठेवा. उलट आपण बाजारात घेताना सकाळी पोट फुगवून आणलेलं जनावर ओळखा. पाणी-चारा भरपूर दिला की दोन किलो सहज चढतात आणि घरी येईस्तोवर उतरतात.

बकरी ईदचा हिशोब बरेच जण चुकवतात. 2024 ला ईद 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो आणि गिऱ्हाईक दोन दाती, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेला, मागतं. म्हणजे शेळी भरवायची (बोकड दाखवून गाभण करायची) ती ईदच्या किमान 17 महिने आधी. आणि ईद झाल्यावर उरलेला बोकड खाटकाच्या भावानंच जातो.

वह्या दोन ठेवा. फिरवायच्या जनावरांनी घरचा मका, घास खाल्ला तर तोही किलोवर मांडा. मी मांडला तेव्हा कळलं, माझे चार "नफ्याचे" बाजार घरच्या कडब्यावर चालले होते.

आता शेवटची दोन जनावरं मी बाजार उठायच्या आत दोन-तीनशे रुपये सोडून देऊन टाकतो. घरी शिव्या बसतात. गोठ्यात काही येत नाही.