गोऱ्ह्याला गाडीला जुंपायला कसे शिकवावे

गोऱ्हा, म्हणजे तरुण, अजून कामाला न लागलेला बैल, जुवाखाली बसकण मारतो, गाडी दिसली की पाय रोवतो, आणि लोक त्याला आळशी ठरवून शेपटी पिरगाळतात. बहुतेक वेळा खोट खांद्यात, म्हणजे मानेवर जू टेकते त्या जागी, असते. कोवळ्या कातडीवर जू फार लवकर टेकवलेले असते, किंवा फार जड. म्हणून पुढचा क्रम मोडू नका आणि रोज जू उतरवल्यावर आधी खांदा बघा. या शिकवणीसाठी स्वतःचे दीड-दोन महिने मोकळे ठेवा. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस सर्वांत चांगले, आणि वेळ सकाळची.

वय आणि वेसण

वय दातांवरून ठरवा. आदत गोऱ्ह्याला, म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत त्याला, फक्त दाव्याने चालवायचे आणि माणसाळवायचे. दोनदाती झाला, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा, की जू दाखवा. पूर्ण ओझे मात्र साडेतीन-चार वर्षांच्या आत नको. खच्चीकरण झाले असेल तर सूज पूर्ण ओसरू द्या.

वेसण पशुवैद्यकाकडून घालून घ्या. छिद्र दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या मऊ, पातळ भागात हवे. फार पुढे घेतले तर एका हिसक्यात नाक फाटते, फार मागे घेतले तर कूर्चा दुखावते. सुती दोरी वापरा, नायलॉन कापते. जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर वेसणीला कासरा (हाकताना हातात धरायची दोरी) बांधायचा नाही, काम म्होरकीवरच (तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवरच) चालवायचे.

हे आठवडे वाया जात नाहीत. रोज अर्धा तास दाव्याने फिरवा, पाठीवरून, मानेवरून, मागच्या पायांवरून हात फिरवा, पाय उचलायला लावा. गोणपाट झटका, घुंगरमाळ वाजवा, मोटारसायकल शेजारून जाऊ द्या. खिल्लार जातीचे जनावर चपळ आणि तापट असल्याने जास्त बुजते, त्याला थोडा थोडा वेळ पण दिवसातून दोनदा घ्या. डांगी किंवा लाल कंधारी त्या मानाने लवकर निवळतात.

जू

सोबतीला शांत, मुरलेला बैल हवा. चपळ बैल नको, गोऱ्हा त्याच्यामागे फरफटतो. दोघांची उंची जवळपास सारखी असावी. गोऱ्हा ज्या बाजूला पहिल्यांदा जुंपाल तीच बाजू शिकणे संपेपर्यंत ठेवा.

जू हलके आणि मानेला टेकते तिथे रुंद, गोलसर, गाठ नसलेले हवे. रंधा मारून, तेल चोळून गुळगुळीत करा. खाली गोणपाटाची घडी घालू नका. ती सरकते, घामाने भिजते आणि कातडी सोलते. जू वशिंडाच्या पुढे बसले पाहिजे. जुपणी (गळ्याखालून जाणारा जुवाचा दोर) आणि गळा यांच्यात चार बोटे सहज जावीत. आवळली तर श्वास कोंडतो, सैल राहिली तर गोऱ्हा मान काढून घेतो, आणि एकदा मान काढता येते हे कळले की रोज तेच करतो.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे नुसते उभे करा, पुढ्यात चारा टाका. दुसऱ्या दिवसापासून मोकळे जू घेऊन नांगरलेल्या रानात चालवा. भुसभुशीत मातीत उधळला तरी लवकर दमतो, आणि पडला तरी लागत नाही. एक माणूस म्होरकी धरून पुढे, दुसरा कासरा घेऊन मागे. चार-पाच दिवसांनी पुढचा माणूस बाजूने चालू लागतो, आणखी काही दिवसांनी मागे येतो. थांबण्याचा शब्द एकच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. आधी थांबणे पक्के करा, वळणे नंतर.

ओंडका

गाडीच्या आधी ओंडका. वीस-पंचवीस किलोचा पुरे, कारण मातीवर घासत येणारे लाकूड चाकावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ मागते. साखळी आठ-दहा फूट ठेवा, आखूड असेल तर ओंडका मागच्या पायांवर येतो. वळण मोठे घ्या. पाच-सहा दिवसांनी वजन दुप्पट करा.

इथे एक युक्ती कामाला येते. जुवाच्या मध्यावरची साखळीची गाठ मुरलेल्या बैलाकडे दोन बोटे सरकवा. गाठ ज्याच्या जवळ, त्याच्या वाट्याला ओढ जास्त. गोऱ्हा तयार होत जाईल तशी गाठ पुन्हा मध्यावर आणा.

गाडी

रिकामी गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा, चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. आखाला वंगण द्या, कारण पाठीमागून येणारा करकराट गोऱ्ह्याला बुजवतो. आधी मुरलेला बैल जुंपा, मग गोऱ्हा. सोडताना उलट. पहिले आठ दिवस म्होरकीवर माणूस असू द्या. कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. जुपणीची गाठ एका ओढीत सुटणारी हवी. गाडीत धारदार विळा ठेवा, जनावर अडकून पडले तर गाठी सोडत बसायला वेळ नसतो.

गाडी हलली की पन्नास पावलांवर थांबवा, थोपटा, पुन्हा चालवा. पंधरा मिनिटांत सोडा.

ओझे दुसऱ्या आठवड्यापासून, जोडीला दीड-दोनशे किलो, आणि दर आठवड्याला थोडे वाढवत. वजनापेक्षा ते कुठे ठेवले याला जास्त महत्त्व आहे. मागे जास्त पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जुपणी गळा आवळते. पुढे जास्त पडले की सगळा भार मानेवर. भरलेल्या गाडीचे जू एका माणसाला दोन्ही हातांनी सहज उचलता आले पाहिजे. नाही आले तर ओझे मागे सरकवा.

उतार सर्वांत शेवटी. टायरची गाडी ओढायला हलकी असते, पण उतारावर तीच जोडीला पुढे ढकलते. गोऱ्हा मग धावत सुटतो. लांबट, कमी उताराच्या जागी रिकाम्या गाडीने सुरुवात करा.

बिघडते तेव्हा

बसला तर मारू नका. जू काढा, खांदा चाचपा. गरम लागला, सुजला किंवा केस गेले असतील तर सूज उतरेपर्यंत जू बंद. जखम उघडी असेल तर पशुवैद्यक बोलवा. खांदा निरोगी असेल तर दमला आहे का, जुपणी आवळली आहे का ते पाहा. तेही नसेल तर एक पायरी मागे, ओंडक्यावर जा. बाहेर किंवा जोडीदाराच्या अंगावर रेलत असेल तर शिवळांचे (मानेच्या दोन्ही बाजूंना जुवात बसवलेल्या खुंट्यांचे) अंतर तपासा, बहुधा मान अडकलेली असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी सगळेच करतात. शिकाऊ गोऱ्ह्याला ती रोज हवी: जू उतरवल्यावर साध्या पाण्याने घाम धुवायचा, कोरडे करायचे, मग हळुवार चोळायचे.

डांबरी रस्त्यावर नेण्याआधी खुरांना पत्र्या (नाल) मारून घ्या आणि गाडीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त किंवा सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. पराणीला (हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकदार खिळा, लावायलाही बंदी आहे. नियमातले तास तयार बैलासाठी आहेत, गोऱ्ह्याला पहिल्या वर्षी दिवसाला दोन-तीन तास भरपूर.