एक्सलवर स्किड ब्रॅकेट घरच्या घरी कसे वेल्ड करावेत

खडकाळ वाटेवर गाडी अडते ती बऱ्याचदा एक्सलखाली लोंबणाऱ्या ब्रॅकेटांमुळे. कंट्रोल आर्मचा किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा ब्रॅकेट दगडाला धडकतो, त्याची कड दुमडते आणि बोल्टचं डोकं इतकं चेपतं की त्यावर पानाच बसत नाही. ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलचं उतरतं स्किड (घसरपट्टी) त्यावर वेल्ड केलं, की दगड आला तरी ब्रॅकेट त्यावरून घसरून जातो. मात्र जाड पत्र्यावर कधीच वेल्डिंग केलं नसेल, तर आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर हात बसवा. जोड व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं तोडून बघा. तो सहज निखळत असेल तर एक्सलला हात लावू नका.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. जमिनीवरच्या चाकांना उटी लावा, चेसीखाली जॅक स्टँड द्या आणि एक्सलला वेगळा आधार द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर आणि रबरी बुश ठिणग्यांच्या वाटेतून दूर करा. कंट्रोल आर्म सोडवायचे असतील तर एका वेळी एकच सोडवा, म्हणजे एक्सल जागचा हलणार नाही. मागच्या एक्सलवर काम असेल तर इंधनाची टाकी आणि तिचे पाइप कुठे आहेत ते नीट पाहा. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच थांबा. चेसीवर साचलेलं ग्रीस उशिरा पेट घेऊ शकतं.

आता ब्रॅकेट आणि एक्सलची ट्यूब ग्राइंडरनं घासा. जोडाभोवती किमान २५ मिलिमीटरपर्यंत रंग, गंज, ग्रीस काहीही उरता कामा नये. स्किडवर जस्ताचा मुलामा असेल तर तोही काढा, त्याचा धूर अंगाला बाधतो. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: साफसफाईसाठी क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या ठिणगीच्या संपर्कात त्याच्या वाफेतून फॉस्जीन तयार होतो. हा वायू जीव घेऊ शकतो.

स्किड क्लॅम्पनं धरून बसवून बघा. बोल्टवर सॉकेट सरळ जातो का? सस्पेन्शन पूर्ण दबलं, स्टिअरिंग पूर्ण वळलं, तर टायर किंवा ब्रेकचा पाइप घासतो का? मागे जाताना दगडात रुतेल अशी उघडी कड राहिली आहे का? चिखल-पाणी निचरायला भोक आहे का? हे सगळं टॅक (वेल्डचे तात्पुरते छोटे ठिपके) मारण्याआधीच तपासायचं.

आर्म काढलेला असेल तर ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये (समोरासमोरच्या पत्र्यांमध्ये) बुशच्याच रुंदीचा लोखंडी नळीचा तुकडा घालून बोल्ट आवळून ठेवा. वेल्ड गार होताना आकसतो आणि कान आत ओढतो. मग आर्म परत बसवताना मिलिमीटरभर जागेसाठी झगडावं लागतं.

वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प थेट त्याच ट्यूबवर, जोडाच्या अगदी जवळ, घासलेल्या धातूवर लावा. तो चेसीवर किंवा चाकाच्या ड्रमवर लावला, तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि रोलरवर बारीक खड्डे पाडतो.

चारी कोपऱ्यांवर टॅक मारा, क्लॅम्प काढा, पुन्हा मापं घ्या. या जाडीला मिगवर (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनवर) एका पासमध्ये साधारण १८० अँपिअर लागतात. छोटं मशीन दिसायला सुरेख बीड (वेल्डची रेघ) टाकतं, पण वितळ पत्र्यात शिरत नाही. तशा मशीनपेक्षा ३.१५ मिलिमीटरचा, कोरडा ठेवलेला ७०१८ रॉड (स्टिक वेल्डिंगचा इलेक्ट्रोड) १०० ते १४० अँपिअरवर बरा. डोळा वितळीवर ठेवा: ती दोन्ही कडा भिजवत पुढे सरकली पाहिजे. नुसती वर बसून राहत असेल तर थांबा.

सगळी शिवण एका दमात ओढू नका. २५ मिलिमीटरचा टप्पा मारा, मग समोरच्या बाजूला जा, आणि हाताला सोसेल इतकी ट्यूब निवू द्या. पाणी ओतून गार करू नका. घाई केली तर ट्यूब वाकते, आतले ऑइल सील करपतात. डिफरन्शियलचा ओतीव भाग यातून वगळाच, त्याची पद्धत वेगळी आहे. एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी मोकळी ठेवा, नाहीतर गिअर ऑइलच्या वाफेचा दाब आत साठेल.

हे सगळं करताना १० किंवा ११ शेडचं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि सुती कपडे हवेतच.

गार झाल्यावर स्लॅग (वेल्डवर जमलेलं कवच) झटका, तारेच्या ब्रशनं घासा आणि कडेला खाच किंवा बारीक भोकं पडली आहेत का बघा. मग जस्तयुक्त प्रायमर आणि रंग. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच, मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत बसतात. पहिल्या खडकाळ फेरीनंतर खाली वाकून जोड तपासा. तडा दिसला तर त्यावर नवा थर चढवू नका. तो भाग घासून पूर्ण काढा आणि स्वच्छ धातूवर नव्यानं वेल्ड करा.