माडाखाली झोळी बांधू नका

किनाऱ्यावर झोपायची झोळी (हॅमॉक) टांगायला माडांची जोडी खुणावते, पण वरून नारळ किंवा सुकी झावळी कधी सुटेल याचा नेम नाही. मांडीएवढी जाड सुरूची दोन जिवंत झाडं 4 मीटर अंतरावर शोधा; भरतीने मुळं उघडी पडलेलं झाड मात्र नको. कापड 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद रिपस्टॉप नायलॉन (चौकडीच्या विणीमुळे फाट पसरू न देणारं), टोकं चुण्या घालून घट्ट आवळलेली. झाडाला इंचभर रुंद पॉलिस्टरचा पट्टा. बारीक दोरी सालीत रुतते, नायलॉनचा पट्टा दवाने भिजला की ताणतो आणि पहाटे पाठ वाळूला! खरी चूक होते ती झोळी ताठ ओढण्यात. पट्ट्याला 30 अंश उतार असेल तर प्रत्येक बाजूवर तुमच्या वजनाएवढा ताण येतो, 10 अंशांवर जवळपास तिप्पट. बसल्यावर जमिनीपासून उंची हातभर, जास्त नाही.