मोबाइलवरच्या चित्रणाला मूकपटाचा बाज

नुसता रंग काढून वर ओरखडे टाकले की मूकपट होत नाही. खरी गंमत फिल्मच्या दृष्टीत आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मूकपट ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निघत, आणि तिला लाल रंग दिसतच नसे. म्हणून एडिटिंग अॅपच्या चॅनेल मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण ठरवायची सोय) मोनोक्रोम निवडून लाल ०, हिरवा ४०, निळा ६० ठेवा. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावरचं निळं आकाश पांढरंफटक होईल, लाल सोलापुरी चादर काळी पडेल. चेहरेही काळवंडतात, पूर्वी नट फिकट रंग थापत, तुम्ही लाल १० करून भागवा.

चित्रण सेकंदाला २४ फ्रेमवर, शटर १/३० सेकंद. भुईकोट किल्ल्यात दुपारी एवढ्या शटरला सगळं पांढरं होतं, तेव्हा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा किंवा सकाळी लवकर जा. कॅमेरा ट्रायपॉडवर, झूम अजिबात नको.

२४ फ्रेमच्या टाइमलाइनवर वेग १५० टक्के करा. दर तिसरी फ्रेम गळते, म्हणजे १६ फ्रेमवर चित्रित करून २४ वर दाखवल्यासारखी चाल येते. फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) बंद हवं, नाहीतर हालचाल लिबलिबीत दिसते. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरे, म्हणून मधेमधे वेग १४० वर आणा.

चौकट १४४०×१०८०. उजेडाची थरथर ३ ते ५ टक्के, चौकटीचं डुलणं एक-दोन पिक्सेल. जास्त केलंत तर गड्डा यात्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटेल. ओरखडे सगळ्यात शेवटी आणि थोडेच. रात्रीच्या प्रसंगाला निळी छटा द्या.