डिस्क लेथवर चढवण्याआधी

करूळ किंवा आंबा घाटात ब्रेकवर पाय पडला की स्टिअरिंग थरथरतं. कोल्हापुरात परतल्यावर गॅरेजमध्ये निदान तयारच असतं: "ब्रेकची डिस्क वाकलीय, फेसिंग मारून घेऊया की." म्हणजे लेथवर डिस्कचा वरचा थर कापून ती सपाट करून आणायची. शिवाजी उद्यमनगरात लेथला तोटा नाही. सकाळी काढलेली डिस्क दुपारपर्यंत चकचकीत होऊन येते आणि काही महिन्यांनी थरथर पुन्हा हजर. यात दोष लेथवाल्याचा नसतो. डिस्क का बिघडली हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि ती मोजलेली तर नसतेच. बारीक जाडी मोजणारे मायक्रोमीटर गल्लीगल्लीत असलेल्या या गावात गाडीच्या डिस्कचा निकाल मात्र नख फिरवून लागतो, याचं नवल वाटतं.

बिडाची डिस्क सहसा वाकत नाही. होतं ते असं. डिस्क ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर बसते, त्या हबच्या तोंडावर गंज धरतो. डिस्क त्या गंजावर किंचित तिरकी बसते आणि चाक फिरताना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी डुलते. ब्रेक न दाबताही तिची एक जागा प्रत्येक फेऱ्याला पॅडला, म्हणजे डिस्कला दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या गादीला, घासत जाते. काही हजार किलोमीटरनंतर तेवढीच जागा पातळ होते. जाडीत १०-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडला तरी पायाखाली धडधड जाणवू लागते. आता डिस्क लेथवर सरळ केली, पण हबवरचा गंज तसाच राहिला, तर हीच गोष्ट पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होते.

कधी बघायचं

दर १०,००० किलोमीटरला टायरच्या जागांची अदलाबदल करताना, आणि पावसाळा संपल्यावर एकदा. गगनबावडा, राधानगरीकडे नेहमी जाणं-येणं असेल तर पावसाळ्यानंतरची तपासणी चुकवू नका.

रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, त्याने घाबरून जायचं कारण नाही. चार-पाच वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो. पुसला न जाणारा गंजाचा पट्टा किंवा खड्डे दिसले तर मात्र चाक काढून बघा. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढच्या डिस्क, सीटखाली जाणवत असेल तर मागची बाजू. अनेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतो, तेव्हा ड्रमही तपासावा लागतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला म्हणजे पॅड संपलेत, त्या गाडीने घाट उतरायचा नाही. एकच चाक हाताला जास्त तापलेलं लागत असेल तर आधी पॅड दाबणारा कॅलिपर बघा, डिस्कचा नंबर नंतर.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून बघा आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. वरून डिस्क ठीक दिसते, पिन मात्र गंजून अडकलेली असते.

चाक काढल्यावर

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. नट जमिनीवरच सैल करून घ्या, मग जॅक लावा आणि जॅक स्टँडवर गाडी टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

आधी डोळ्यांनी बघा. बाहेरची बाजू सगळेच बघतात, खरी मेख आतल्या बाजूला असते. पिन अडकली की आतला पॅड एकटाच काम करतो आणि आतला पृष्ठभाग खरवडून निघतो. मोबाईलचा टॉर्च आणि एखादा छोटा आरसा पुरतो. उष्णतेने आलेल्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत पोहोचलेली भेग दिसली तर ती डिस्क भंगारात, पुढचं मोजमाप नको. निळसर-काळे ठिपके असतील तर तिथे बीड तापून कडक झालेलं असतं. फेसिंग करूनही असे ठिपके बहुतेक वेळा पुन्हा वर येतात.

मग जाडी. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर 'मिन टीएच' अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ही किमान जाडी. छोट्या गाड्यांच्या पुढच्या, मध्ये हवेच्या खिडक्या असलेल्या डिस्क नव्या असताना साधारण १७ ते २२ मिलिमीटर असतात आणि मर्यादा बहुधा त्याहून दोनेक मिलिमीटर कमी. पण आपल्या गाडीसाठी कोरलेला आकडाच खरा. मोजायला व्हर्नियर घेऊ नका. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उभी असते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. ०-२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर घ्या, धारेपासून सेंटीमीटरभर आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. सगळ्यात लहान आकडा किमान जाडीशी ताडायचा. सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक थरथरीचा हिशेब सांगतो.

तिसरी गोष्ट डोलणं. व्हील नट लावून डिस्क हबवर घट्ट बसवा, डायल गेजचा (सुईने बारीक डोल दाखवणाऱ्या घड्याळाचा) मॅग्नेटिक स्टँड सस्पेन्शनच्या लोखंडी भागावर लावा, सुई कडेपासून सेंटीमीटरभर आत टेकवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि हाताने एक पूर्ण फेरा द्या. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आतला डोल चालतो. जास्त आला तर डिस्क काढा, हब साफ करा, पुन्हा मोजा. तरी जास्तच राहिला तर डिस्क एक स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आटेवाला दांडा) पुढे फिरवून बसवा. अनेकदा एवढ्यावरच भागतं आणि लेथचा खर्च वाचतो. डिस्क कशीही बसवली तरी डोल हबच्या त्याच जागी राहिला तर हब किंवा बेअरिंगकडे बघावं लागेल.

डिस्क काढताना कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. तारेने स्प्रिंगला बांधा. डिस्क जाम असेल तर हातोडा हाणण्याआधी टोपीवर दोन आटेवाली भोकं आहेत का बघा. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत ती असतात. त्यात दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच हबवरून सुटते.

आता ती जागा, जिथे सगळं ठरतं. हबच्या तोंडावर, स्टडच्या भोवती, गंजाचे पापुद्रे दिसतील. डोळ्याला ते सपाट वाटतात, पण बोट फिरवलं की खडबडीत कडा लागते. वायर ब्रश मारा, मग एमरी पेपरने स्टडच्या मुळापर्यंत धातू उघडा होईस्तोवर घासा. डिस्कच्या टोपीची आतली बाजूही तशीच. हे पंधरा मिनिटांचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

फेसिंग की नवी

कापून झाल्यावरही जाडी किमान आकड्याच्या बऱ्यापैकी वर उरणार असेल तरच फेसिंग. काठावर आणून ठेवलेली डिस्क पातळ असते, लवकर तापते आणि पुढच्या घाटात पुन्हा त्रास देते. छोट्या गाडीला मी तरी नवी जोडीच घालीन. लेथवर द्यायचीच असेल तर तीन अटी घालून द्या. डिस्क तिच्या बसायच्या तोंडावर धरलेली हवी आणि कापण्याआधी डायल लावून बघितलेलं हवं. दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये निघाल्या पाहिजेत. लेथच्या चकमध्ये (पकडीत) कशीही धरून कापलेली डिस्क लेथवर सरळ आणि गाडीवर वाकडी. उद्यमनगरातल्या जाणत्या टर्नरला हे सांगावं लागत नाही, पण घाईत असलेल्याला सांगावं लागतं.

डिस्क नेहमी जोडीने, म्हणजे एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंची. सोबत पॅड नवे. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा आणि नंतर पृष्ठभागाला बोट लावू नका. नव्या पॅडसाठी कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलचा डबा उघडून नजर ठेवा, ऑइल सांडलं तर रंग जातो. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, तेही मोजकंच.

चाक लावताना नट समोरासमोर आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच द्या. टायरच्या दुकानात हवेच्या गनने एका बाजूचे नट करकचून आवळले की नवी डिस्कही तिरकी बसते. मगाशी घासलेल्या हबवर पाणी.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक समोरच्या भिंतीवर लागेल.

पहिल्या दिवशी पॅड बसवून घ्यायचे असतात. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या नसतील असा मोकळा रस्ता पहाटे गाठा. ताशी ५०-६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मधे जरा हवा लागू द्या. शेवटी काही मिनिटं ब्रेक न लावता चालवा. ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुन्हा थरथर. घाट उतरल्या उतरल्या चहाच्या टपरीवर थांबायचं असेल तरी आधी किलोमीटरभर गाडी सावकाश पुढे जाऊ द्या. तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप तर अजिबात नको.

५०-१०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि जाडी, डोल, मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.