एन्टर दाबला की जिना!

सिस्टीम अपग्रेडमध्ये माझा ईमॅक्स (मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर) २४.३ वरून २४.५ वर गेला आणि टिपणांमधले अभंग तिरके चालू लागले. अभंगाची प्रत्येक ओळ चार स्पेस देऊन सुरू करायची, ही माझी जुनी सवय. आता पहिली ओळ चारवर, दुसरी आठवर, तिसरी बारावर.

आधी स्वतःच्याच सेटिंग फाइलवर संशय घेतला. कंट्रोल-एच, के आणि मग एन्टर दाबून एन्टर कोणती कमांड चालवतं ते पाहिलं, तर कमांड तीच जुनी: न्यूलाइन. इथेच मी तासभर फसलो. शेवटी कंट्रोल-एच, एन दाबून बदलांची यादी उघडली (कोण वाचतं ती!). २०१४ च्या २४.४ पासून 'इलेक्ट्रिक-इंडेंट-मोड' आपोआप चालू असतो. एन्टरनंतर तो आधीच्या ओळीइतकी जागा सोडतो, त्यात माझ्या चार स्पेसची भर.

कोड लिहिताना मात्र ही सोय झकास आहे, म्हणून सरसकट बंद केली नाही. साधा मजकूर उघडताना चालणाऱ्या 'टेक्स्ट-मोड-हुक'मध्ये 'इलेक्ट्रिक-इंडेंट-लोकल-मोड'ला उणे एक (म्हणजे बंद) दिलं, ईमॅक्स पुन्हा सुरू केला. अभंग सरळ झाले. तोवर बिघडलेल्या ओळी हातानेच नीट कराव्या लागल्या. घाई असेल तर सेटिंग न बदलता एन्टरऐवजी कंट्रोल-जे दाबा, साधी नवी ओळ मिळते.